‘अपूर्ण’ या शब्दाला माझी हरकत

“मैदान गेले, तसा गाण्याचा पायाही गेला. शेवटच्या चढाईत मधली रेघ चार पावलांवर राहिली असताना रंगरावांचा दम तुटला. थांबताना त्यांनी टाकलेला तो दीर्घ सुस्कारा म्हणजे त्यांच्या कलेची अखेरची, अपूर्ण ओळ होय.”

रंगा, सांगलीत तुझ्या शोकसभेत हे वाक्य वाचले गेले. लेख लिहिणारा आणि वाचणारा तुझाच शिष्य, सुहास. सभागृहातल्या लोकांनी माना हलवल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. वाक्य चांगले बांधलेले होते, हे मी नाकारत नाही. मी उभा राहिलो, तेव्हा संयोजकांपैकी एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला हळूच खाली बसवले. मला शोक अनावर झाला आहे, असे त्याला वाटले असावे. मला राग आला होता.

साताऱ्यात लवकरच तुझ्या गाण्यांचा आणि माझ्या चित्रांचा एकत्र कार्यक्रम आहे, आणि निमंत्रणपत्रिकेवर मोठ्या अक्षरांत छापले आहे : ‘अपूर्ण चढाई’. तू थांबलास तिथून पुढची चार पावले सुहास बासरीने भरून काढणार आहे. ज्या गाण्याची एकमेव अट एक श्वास ही होती, त्याला दुसऱ्याच्या श्वासाचे ठिगळ. मी त्याला कळवले आहे की तो शब्द पत्रिकेवरून निघाला नाही आणि ती बासरी थांबली नाही, तर माझी चित्रे वडूजला परत जातील. त्याचे उत्तर आलेले नाही. म्हणून हे तुला लिहितो आहे, आणि छापायलाही देतो आहे. तू वाचणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. बाकीच्यांनी वाचावे.

‘दम तुटला’ हे शब्द इतर कोणाविषयी सहानुभूतीने वापरता येतात. कबड्डीत चढाई करणाऱ्याविषयी वापरले की तो निकाल होतो. एका श्वासावर समोरच्या संघाच्या अंगणात शिरायचे, तोंडातला उच्चार अखंड ठेवायचा, आणि तोच श्वास घेऊन मधल्या रेघेला परत लागायचे. रेघेआधी श्वास तुटला, तर बाद. म्हणजे सुहासने श्रद्धांजली म्हणून तुला बाद दिले. हा अधिकार त्याला कोणी दिला? तुला बाद देण्याचा अधिकार या पृथ्वीवर एकाच माणसाला होता, आणि त्याने तो एकदा वापरलेला आहे.

त्या निर्णयाचे आधी बोलून घेऊ. तो वगळून पुढे गेलो, तर तू आहेस तिथून मला टोकशील.

मी तेव्हा वडूजहून सांगली जिल्ह्यातल्या तुमच्या गावच्या शाळेत नुकताच चित्रकला शिकवायला आलो होतो, आणि सुटीच्या दिवशी पंच म्हणून उभा राहत होतो. मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघाही मीच मारायचो. हात सरळ चालतो म्हणून ते काम माझ्याकडे आले होते. उंब्रजच्या संघाशी अंतिम सामना होता आणि शेवटची चढाई तुझी होती. तुझ्या घोट्याला एकाने विळखा घातला होता, कमरेला दुसऱ्याने, आणि त्या दोघांना फरफटत तू रेघेकडे हात लांबवला होतास. हात आणि रेघ यांत बोटभर अंतर होते की नव्हते, हे गॅलरीतल्या प्रत्येकाने आपापल्या डोळ्यांनी पाहिले. मी ते पाहिले नाही. मी ऐकले. दम तुटलेला माणूस, कितीही लपवो, आधी श्वास आत ओढतो. बुडणाऱ्याने पाण्यातून डोके वर काढावे तसा एक बारीक, खरखरीत आवाज येतो. पंचाचे काम डोळ्यांपेक्षा कानांचे अधिक असते. तो आवाज मी ऐकला, आणि त्यानंतर तुझा हात रेघेला लागला. मी शिट्टी वाजवली.

“वडूजचा मास्तर! सातारा जिल्ह्याकडंच बघणार की!” गॅलरीतून कोणी ओरडले, आणि पुढचे काही महिने गावात मला दुकानदारही नीट ओळख देत नव्हते. तू मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी द्राक्षांची पाटी घेऊन दारात हजर.

“आवं मास्तर, हात आदी लागला हुता.”

“नाही लागला.”

“लागला हुता, आईशप्पत.”

“शिट्टी वाजली, रंगराव.”

“शिट्टी तुमची, हात माजा. आता दोगांतलं खोटं कोन बोलंल?” असे म्हणून तू ओट्यावर बसलास आणि स्वतःच आणलेली द्राक्षे खाऊ लागलास. “आंबट हाईत,” म्हणालास. “निर्णयावानी.”

आपली मैत्री अशी भांडणातून सुरू झाली आणि ते भांडण कधीच मिटले नाही. लग्नात, बारशात, माझ्या निवृत्तीच्या समारंभात, माझी पत्नी गेली तेव्हाच्या बाराव्यालासुद्धा तू जाताना दाराशी थांबून म्हणायचास, “मास्तर, लागला हुता बरं का.” त्या बाराव्याच्या दिवशी ते ऐकून मी पहिल्यांदा हसलो होतो. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानतो. निर्णय तोच आहे.

मैदान पाडले तेव्हा तू आणि मी येरळा नदीच्या बाजूच्या कुंपणाशी उभे होतो. तीन बाजूंची दगडी गॅलरी, जिच्या पायऱ्यांवर आपल्या गावाने बसायला आणि भांडायला शिकून घेतले, ती यंत्राने उसाची मोळी उचलावी तशी उचलली. मग ऐकू आले की तू अगदी खालच्या सुरात ‘हुतुतू’ म्हणतो आहेस, यंत्राचा हात वर जाऊन खाली येईपर्यंत एका श्वासात. थांबायचास, आणि पुन्हा. तू सांगलीला गुरुजींकडे गाणे शिकला होतास, भजनात आणि मैफलीत गात होतास; पण तुझे म्हणावे असे गाणे तिथे, त्या धुळीत सुरू झाले. ही गोष्टही सुहास वेगळीच सांगतो. ती कल्पना त्याच्याशी झालेल्या चर्चेतून निघाली, असे तो म्हणतो. चर्चा झाली असेल. तेव्हा तू एका श्वासाच्या त्या गाण्यांतली, ज्यांना तू चढायाच म्हणायचास, दुसरी का तिसरी बांधत होतास.

मी त्या दिवशी मधल्या रेघेखालची माती पोत्यांत भरून घेतली. ती पांढरट होती. वर्षानुवर्षे मारलेली फक्की झिरपत झिरपत खाली मुरली होती. ती माती आणि नवी फक्की घेऊन मी काळ्या घोंगड्यांवर मैदान काढू लागलो. माणूस नाही, गॅलरी नाही, फक्त रेघा. तुझे बेदाण्याचे शेड हंगाम संपला की रिकामे असे. तिथल्या जाळीच्या रॅकवर माझ्या घोंगड्या पसरलेल्या असत, आणि खाली मोकळ्या जागेत तू अनवाणी चालत, मांडीवर थाप मारत, एका श्वासात गात असायचास. तू पहिल्यांदा चित्र पाहिलेस, तेव्हा घोंगडीचे टोक धरून हळूच झटकलेस. अर्धी मधली रेघ उडून गेली.

“आवं, ह्ये चित्र हाय व्हय? कुनी शिंकलं तरी जाईल की!”

“जाऊ दे. प्रत्येक सामन्याआधी रेघ नव्याने मारावी लागते.”

“आन् मानसं कुठं हाईत ह्यात?”

“ती तुझ्या गाण्यात आहेत.”

“मग माज्या गान्यात रेघ कुठं हाय?”

मी उडालेली अर्धी रेघ पुन्हा मारायला घेतली. मैदान म्हणजे रेघा, असे मी म्हणत असे. जागा गेली तरी मापे शिल्लक असतील, तर मैदान पुन्हा मांडता येते. तू म्हणायचास, मैदान म्हणजे दम. रेघ काय, कुणीही मारील. या वादात आपण कितीतरी दुपारी घालवल्या. दुसरा वाद शब्दाचा. नियमात उच्चार ‘कबड्डी’ आहे, आणि तू हट्टाने ‘हुतुतू’ गात होतास. त्यावर तुझा युक्तिवाद मला अजून अडचणीत टाकतो. “कबड्डी म्हनताना दर टायमाला व्हट मिटत्यात, मास्तर. व्हट मिटलं की नाकानं चोरून श्वास घ्येता येतोय. हुतुतूत व्हट मिटतच न्हाईत. चोरीला जागाच न्हाई.” पंचाने इतकी वर्षे उभे राहून हे लक्षात घेतले नव्हते. मी फक्त म्हणालो की नियम नियम असतो.

आता त्या शेवटच्या संध्याकाळी वळतो.

मैदानाच्या जागी उभ्या राहिलेल्या दुकानांसमोरच्या वाहनतळावर तुझा कार्यक्रम सुहासने ठरवला होता. पेव्हिंग ब्लॉकवर त्याच्या मुलांनी फक्कीने मैदान आखले, दुकानांच्या शटरना अगदी समांतर. मी त्याला सांगितले की मावळतीचे ऊन कोणत्याही संघाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून आपले मैदान रस्त्याला तिरके आखलेले होते, आणि ते आखणारा हात माझा होता.

“काका, कॅमेऱ्यात तिरकी रेघ वाईट दिसते,” तो म्हणाला. “आणि शेवटी हे प्रतीक आहे ना.”

रेघ प्रतीक नसते. ती असते किंवा नसते. मी वाद सोडला, आणि कुंपणाच्या भिंतीत अडकून उरलेली जुन्या गॅलरीची एक पायरी आहे, जिच्यावर आता रखवालदार बसतो, तिच्याशी जाऊन उभा राहिलो. मधल्या रेघेचे टोक त्या पायरीशी येत असे. पंच म्हणून माझी जागा तीच होती.

तू अनवाणी आलास. ती नवी फक्की पाहून विचारलेस, “ही कुनाची रेघ म्हनायची?” मुले हसली. मग तू सगळीकडे पाहिलेस, आणि मी तुला पायरीशी दिसलो. तू मोठ्याने म्हणालास, “पंच जाग्यावर हाय म्हंजे रेघ जाग्यावर हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला. तू फक्की ओलांडून थोडा पुढे गेलास, वाकलास, एका ब्लॉकला हात लावून तो कपाळाला लावलास आणि तिथून सुरुवात केलीस. सुहास लिहितो की तू भूमीला वंदन केलेस. वंदन केलेसच, पण ते आपल्या जुन्या रेघेवर उभे राहून केलेस. ती रेघ त्याला दिसत नव्हती, एवढेच.

बेदाण्यांना गंधकाची धुरी देण्यात तुझे आयुष्य गेले. छाती केव्हाच वाजू लागली होती, आणि डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले होते. हे सगळे खरे आहे. मी लपवत नाही. पलीकडच्या टोकाला मोबाइलच्या दुकानाच्या शटरवर तू तळवा टेकलास, तेव्हा सूर पातळ झाला होता. तू वळलास. परतताना सुरुवातीच्या जागेकडे न जाता सरळ माझ्याकडे चालत आलास. रेघेच्या कोणत्याही बिंदूला लागले तरी चढाई पुरी होते, हे सुहासला माहीत नसेल, तुला होते. उच्चार बारीक होत गेला, पण त्यात कुठेही खंड पडला नाही. आणि माझ्यासमोर, त्या जुन्या रेघेवर, त्यांच्या फक्कीच्या चार पावले अलीकडे, तू थांबलास.

टाळ्या थोड्या मागून आल्या. मग सुहास धावत आला आणि तुला कोपराला धरून त्याने ती चार पावले चालवली, फक्कीच्या पलीकडे नेऊन सोडले, जणू हरलेल्याला घरी पोहोचवावे. “सोड रं,” म्हणून तू हात झटकलास. ते त्याच्या लेखात नाही. मग तू माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणालास, “मास्तर?”

तू निर्णय मागत होतास. मी तोंड उघडले, आणि मध्ये माणसे आली. हार आला, छायाचित्रे आली, तुझी लेक मंगल औषध घेऊन आली. मी उद्या सांगतो म्हणून घरी गेलो. तो उद्या आला तेव्हा तू सांगलीला दवाखान्यात होतास.

तिथे दुपारी भेटायला सोडत. तोंडावर मास्क होता, आणि तुझ्या वतीने ते यंत्र श्वास आत-बाहेर करत होते, एका तालात. त्यात ना जाणे होते ना येणे. आयुष्यभर ज्याचा श्वास ऐकण्याचे काम केले, त्याच्याजवळ बसून मला यंत्र ऐकावे लागले. तू डोळे उघडलेस. मग अंगठ्याच्या नखाने चादरीवर एक रेघ ओढलीस, तिरकी. तिच्यावर बोट टेकवलेस आणि माझ्याकडे पाहिलेस.

मी म्हणालो, “लागला.”

मास्कच्या कडेने तू हसलास. मंगलने विचारले, “मास्तरकाका, काय म्हणतायत आप्पा?” मी म्हणालो, “खेळातलं आहे.” त्या दिवसानंतर तू डोळे उघडले नाहीस.

आता घरी बसून विचार करतो, की तू कोणता सामना विचारत होतास? मी उत्तर दिले ते या शेवटच्या चढाईविषयी. पण तुझा चेहरा ज्या रीतीने हसला, त्यावरून मला संशय येतो की तू उंब्रजचा सामना विचारलास, आणि माझ्या तोंडून हवा तो निकाल वदवून घेऊन निघून गेलास. तसे असेल तर ऐक. तो निर्णय मी बदललेला नाही. हे तुला सांगायला तू थोडा वेळ थांबायला हवे होतेस. थांबला नाहीस. भांडण तुझ्या बाजूने संपवलेस, आणि आता ते पुन्हा सुरू करायला माझ्याकडे कोणी नाही.

वडूजमध्ये मी सकाळी अंगणात घोंगडी पसरतो, फक्कीची चिमूट घेतो आणि ती चिमूट हातातच राहते. रेघ मारणाऱ्याला ती ओलांडणारा लागतो. नाहीतर ती नुसती पांढरी भुकटी. आपल्या वादात तू बरोबर होतास की काय, अशी शंका मला येते, आणि शंका आली हे सांगायलाही तू नाहीस. इथली येरळा तुझ्या गावाकडेच वाहत जाते. तू म्हणायचास, “तुमच्या गावानं पानी पिऊन टाकलं, आमच्यापतूर वाळूच येती.” सावडायच्या दिवशी तुझ्या घाटावर खरोखर वाळूच होती. मंगलने डबक्यात अस्थी सोडल्या. त्या वाहून गेल्या नाहीत. आम्ही सगळे उभे राहिलो, त्या हलतील म्हणून. मग एकेक जण निघाला. मी सर्वांत शेवटी निघालो, आणि निघताना मला दारातले तुझे वाक्य हवे होते.

मी कोणत्या रेघेच्या टोकाला उभा आहे, हे आता कोणी विचारणार नाही. तू मला पाहून रेघ ओळखलीस. मी कोणाला पाहू?

एवढे असूनही ‘अपूर्ण’ मी छापू देणार नाही. सुहासला मी सांगितले की रेघ तिरकी होती. तो म्हणतो, पुरावा काय? मी म्हणालो, ब्लॉक उचला, खाली पांढरी माती मिळेल. तो म्हणतो, ब्लॉक कोण उचलणार? मी म्हणालो, मी पायरीशी उभा होतो, पाय रेघेवर येताना मी पाहिला. तो म्हणतो, काका, तुमचं वय, तुमचा जिव्हाळा, आम्ही समजू शकतो. जिव्हाळा! ज्या माणसाने तुला भर गावासमोर बाद दिले आणि आजही तो निर्णय मागे घेतलेला नाही, त्याच्यावर तुझी बाजू घेतल्याचा आरोप होतो आहे, रंगा. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तर मग माझे डोळे सोडून द्या. माझी रेघ सोडून द्या, पांढरी माती सोडून द्या. मंगलच्या फोनमध्ये त्या संध्याकाळचे चित्रीकरण आहे. तेच सुहासकडेही आहे. पडदा बघू नका, नुसते ऐका. तुझा उच्चार थांबतो, आणि त्यानंतर जे ऐकू येते ते सुहासने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. त्याला त्याने सुस्कारा म्हटले, दीर्घ म्हटले. त्या चार पावलांना पुरून उरला असता एवढा दीर्घ.

दम तुटलेला माणूस श्वास आत ओढतो. तू बाहेर सोडलास.